कॉलेजचा फंड की पोरांच्या सहली? आधी मुलाचं वय बघा

मुलगी दोन वर्षांची असताना आम्ही आठ दिवसांची मोठी ट्रिप केली होती, विमान, हॉटेल, थीम पार्क, सगळं साग्रसंगीत. आज ती चौदाची आहे आणि फोटो दाखवले की विचारते, ही टोपीवाली बारकी मीच का? तिला त्यातलं काऽही आठवत नाही. आणि त्याच वर्षी तिच्या शिक्षणाच्या नावाने आम्ही किती टाकले होते, तर शून्य. म्हणजे दोन्ही गोष्टी बरोब्बर उलट्या क्रमाने केल्या.

शिक्षणासाठी साठवू की बालपणावर खर्च करू असं विचारलं की लोक अर्धं इकडे अर्धं तिकडे सांगून मोकळे होतात. पण सगळी मेख वयात आहे. साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी बहुतेकांना आठवत नाही, मानसशास्त्रात याला चाइल्डहुड अम्नेशिया म्हणतात, आणि त्यानंतरच्याही दोन-तीन वर्षांचं तुटक तुटकच राहतं. (याचा अर्थ ती वर्षं फालतू असा नाही हां, उलट मेंदू तेव्हाच भराभर घडत असतो, पण त्याला लागतं ते बोलणं, खेळणं, मांडीवर घेऊन बसणं, आणि त्याला तिकीट नसतं.) दुसरीकडे पैशाला वाढायला सगळ्यात जास्त वेळ याच वर्षांत मिळतो. म्हणून पहिली पाच वर्षं साठवायची.

आकडे बघा. वर्षाला ८ टक्के परतावा धरू, ही गॅरंटी नाही, फक्त हिशोबासाठी. जन्मापासून १८ वर्षं दर महिन्याला १,००० टाकले तर तुमचे जातात २ लाख १६ हजार आणि जमतात साधारण ४ लाख ८० हजार. आता दुसरा प्रकार, पहिली पाचच वर्षं महिन्याला २,००० टाकायचे आणि मग पूर्ण थांबायचं, हात नाही लावायचा. खिशातून जातात फक्त १ लाख २० हजार आणि अठराव्या वर्षी होतात साधारण ४ लाख १४ हजार! आणि आमच्यासारखं आठव्या वर्षी जाग आली तर तेच ४ लाख ८० हजार गाठायला महिन्याला २,६०० च्या वर टाकावे लागतात, म्हणजे नेमकं ज्या वयात पोरांना फिरवायचं त्याच वयात हात आखडतो.

मला माहितीये की बाळ लहान असताना घरात पैशाची सगळ्यात जास्त ओढाताण असते, एकाचा पगार बंद, डॉक्टरचे खर्च, पाळणाघर. तेव्हा २,००० नाही तर ५०० टाका, पण पगार आला की त्याच दिवशी ऑटो डेबिटने जाऊ द्या, महिनाअखेरीला उरलेले टाकू म्हटलं की काही उरत नाही. पहिल्या वाढदिवसाचा हॉल आणि मोठाली खेळणी यातूनच कापता येतं, बाळ काय तक्रार करत नाही.

आता एक गोष्ट जी मला स्वतःला समजायला फार वेळ लागला. सल्ला देणारे म्हणतात की आज १,००० ची मजा केलीत तर अठरा वर्षांनी ४,००० घालवलेत. ८ टक्क्यांनी होतात खरे ४,०००, पण मधल्या काळात फी काय तिथेच उभी राहते का? शिक्षण वर्षाला ६ टक्क्यांनी महागलं तर आज १०० ला मिळणारं अठरा वर्षांनी २८५ ला पडतं. मग ते ४,००० म्हणजे आजच्या हिशोबात साधारण १,४०० चंच शिक्षण, आणि महागाई ८ टक्के असली तर १,००० चे १,००० च. त्यामुळे प्रत्येक सहलीला चारने गुणून स्वतःला अपराधी वाटून घेणं सोडा. आणि याचाच दुसरा अर्थ असा की बचत नुसती बँकेत कमी व्याजावर पडू दिली तर ती दरवर्षी फीच्या मागे पडत जाणार, म्हणून पंधरा-सोळा वर्षं हातात असतील तर निदान काही भाग शेअर बाजाराशी जोडलेल्या साध्या, कमी खर्चाच्या इंडेक्स फंडात (म्हणजे बाजाराच्या एखाद्या निर्देशांकातले शेअर जसेच्या तसे घेणारा म्युच्युअल फंड) असावा असं माझं मत.

या सगळ्याच्या आधी दोन गोष्टी: सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, आणि स्वतःच्या म्हातारपणाची बचत चालू. शिक्षणाला कर्ज मिळतं, स्कॉलरशिप मिळते, पोरं स्वतः कमावून शिकतात. म्हातारपणाला कर्ज कोणी देत नाही, मग तो भार त्याच मुलांवर येतो ज्यांच्यासाठी एवढं केलं.

मग साधारण सहा ते बारा-तेरा, ही खर्च करायची वर्षं. मुलाला सगळं आठवतं, चालायला येतं, आणि अजून तुमच्यासोबत यायला आवडतं, हा तिसरा मुद्दा लिहून ठेवा कारण पुढे मित्र आले की आईबाप मागच्या सीटवर. या काळात शिक्षणाचा हप्ता आहे तेवढाच राहू द्या, पगारवाढ झाली की थोडी वाढ तिकडे आणि थोडी फिरण्याच्या वेगळ्या खात्यात. वेगळं खातं खरंच उघडा, एकाच खात्यात दोन्ही असलं की सहलीच्या वेळी फंडाला हात जातो आणि फंडाच्या काळजीने सहल रडतखडत होते, आमच्याकडे तीन वर्षं हेच चाललं.

खर्च कशावर करायचा? व्हॅन बोव्हेन आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये अभ्यास छापला होता, त्यात लोकांनी वस्तूंपेक्षा अनुभवांवर घातलेल्या पैशाने जास्त आनंद मिळाला असं सांगितलं. तो मोठ्या माणसांवरचा होता, पण घरातल्या धूळ खात पडलेल्या खेळण्यांकडे बघून मला पटतं. आणि नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांचं एक म्हणणं तर खिशाला फारच सोयीचं आहे, आठवणीत अनुभवाची लांबी फारशी राहत नाही, सगळ्यात जोरदार क्षण आणि शेवट राहतो. म्हणजे आठ दिवसांऐवजी तीन दिवस जा, एक दिवस मुलाने ठरवलेला ठेवा, आणि परतीचा प्रवास पहाटेचा, चिडचिडीचा नको, तिथे थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. माझ्या मुलीला आजही आठवतं ते तंबूत पाणी शिरलं आणि आम्ही रात्रभर गाडीत भेंड्या खेळत बसलो ते. त्या ट्रिपचा खर्च सगळ्यात कमी होता.

क्लासेसचं मात्र वेगळं. पोहणं, वाद्य, एखादा खेळ हे अनुभवात धरा, पण शेजारच्यांचा जातो म्हणून लावलेला चौथा क्लास ना फंडात ना आठवणीत, तो बंद करा.

चौदा-पंधरा झालं की पैसा हळूहळू सुरक्षित जागी हलवायचा, दरवर्षी थोडा थोडा. २००८ साली अमेरिकेतल्या शेअर बाजाराचा निर्देशांक एस अँड पी ५०० एका वर्षात जवळपास ३८ टक्के पडला आणि जुन्या उंचीवर परत यायला २०१३ उजाडलं. ज्याची फी २००९ ला भरायची होती त्याला ही पाच वर्षं कुठून मिळणार?

आणि याच वयात मुलाला आकडा दाखवा. आम्ही मागच्या महिन्यात लेकीला बसवून सांगितलं, एवढे जमलेत, एवढे अजून कमी पडतील, त्यातले काही कर्ज असेल. ती पाच मिनिटं गप्प होती, मग विचारलं की ती टोपीवाल्या बारकीची ट्रिप कितीला पडली होती. सांगितल्यावर म्हणाली, "आई, मला विचारायचं तरी!"