ठेका सरळ ठेवा : संगीतोपचार शिकायला येणाऱ्यांसाठी

संगीतोपचार शिकायचाय म्हणून फोन करणारी बहुतेक मुलं आधी एकच गोष्ट विचारतात : कोणत्या आजारावर कोणता राग? बारा वर्षांपूर्वी मीही हाच प्रश्न घेऊन या कामात आले. विशारद झाले होते, आणि वहीत तक्ता होता. रक्तदाबाला हा राग, झोपेला तो. त्या तक्त्याला पुरेल असा भक्कम पुरावा मला आजवर मिळालेला नाही. खरं काम कुठे असतं ते मला एका काकांनी शिकवलं.

काका एसटीतून निवृत्त झालेले, पार्किन्सनचे रुग्ण. उंबरठ्याशी आले की पाय जमिनीला चिकटायचे. काकू हात धरून ओढायच्या, त्यानं तोल आणखीच जायचा. फिजिओथेरपिस्टनं जमिनीवर दहा मीटरची खूण केली आणि मी स्टॉपवॉच घेऊन पावलं मोजली : मिनिटाला 84. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र, आधी 84वरच लावला, तीन-चार दिवसांनी 88वर नेला. काका चालत होते, पण खांदे आखडलेले, नजर पायांवर. बोलता बोलता कळलं की गावाकडे ते भजनी मंडळात टाळ धरायचे. दुसऱ्या दिवशी मी टाळ नेले. लय तीच, 88. पाचव्या-सहाव्या ठोक्याला त्यांची मान वर आली आणि उंबरठा कधी ओलांडला ते त्यांनाही कळलं नाही.

यामागचं कारण समजून घ्या, कारण डॉक्टर तुम्हाला तेच विचारणार. पार्किन्सनमध्ये डोपामाइन कमी पडतं आणि चालण्याची आतली लय बिघडते. बाहेरून नियमित ठोका मिळाला की मेंदूतल्या ऐकण्याच्या आणि हालचालीच्या यंत्रणा त्याला धरून चालतात. संगीतोपचाराचे संशोधक मायकेल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली हे तीन आठवड्यांच्या घरच्या सरावानं दाखवलं. गट लहान होता, पण चालण्याचा वेग सुमारे 25 टक्क्यांनी वाढला. वारीत पाऊली खेळलेल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही.

एक सूचना तबला शिकून येणाऱ्यांना. ठेका सरळ ठेवा. लग्गी, तिहाई अशी सजावट इथे नको. समेची वाट बघताना रुग्णाचं पाऊल अडखळतं आणि पडणं या आजारात महागात जातं. लय वाढवायचीच तर पाच-दहा टक्क्यांनी, आणि फिजिओथेरपिस्ट शेजारी असतानाच. टाळ थांबला की काही वेळानं पाय पुन्हा अडायचे, हेही सांगते. म्हणून काकांना मनात ठेका धरायला शिकवलं आणि काकूंना फोनवर मेट्रोनोम लावून दिला.

पक्षाघातानंतरच्या वाचाघाताचं, म्हणजे बोलणं हरवलेल्या रुग्णांचं, काम वेगळं. ‘पाणी’ हा शब्द न फुटणारा माणूस गणपतीची आरती अखंड म्हणतो, आणि घरच्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. तो क्षण मोठाच असतो, पण आरती म्हणता आली म्हणजे वाचा परत आली असं नाही. 1973मध्ये बोस्टनच्या मंडळींनी मांडलेली पद्धत यासाठी वापरतात. रोजच्या गरजेचं छोटं वाक्य दोन स्वरांत बांधायचं. ‘पा-णी-दे’. प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हातानं एक थाप. आधी गुणगुणायचं, मग बरोबरीनं म्हणायचं, मग आपला आवाज हळूहळू काढून घ्यायचा. ‘पाणी दे’ बोलीच्या चालीवर उतरायला आठवडे लागतात. वाचा-उपचारतज्ज्ञाशिवाय हे करू नका.

ध्वनी-उपचार म्हणून सध्या धातूच्या भांड्यांचे नाद आणि 528 हर्ट्झ या ठरावीक कंपनसंख्येचा सूर फार चालतं. नादानं श्वास संथ होतो, बरं वाटतं, त्याला माझी हरकत नाही. पण त्यानं गाठ विरघळेल, औषध बंद करता येईल, असं कुणी म्हणत असेल तर तिथे शिकू नका. संगीताच्या मर्यादा सांगायला लाज नसावी. स्मृतिभ्रंशावरच्या 2018च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, उदासी कमी होते असं दिसलं, चिडचिडीवर मात्र फारसा परिणाम दिसला नाही.

शिक्षणाचं म्हणाल, तर अमेरिकेत पदवीबरोबर 1200 तासांचं रुग्णांसोबतचं प्रशिक्षण लागतं. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय स्वतःला संगीतोपचारक म्हणवता येत नाही. आपल्याकडे दोन दिवसांची प्रमाणपत्रंही मिळतात, म्हणून निवड डोळसपणे करा. पुदुच्चेरीला श्री बालाजी विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात संगीतोपचाराचं केंद्र आहे, तशी रुग्णालयाला जोडलेली जागा शोधा. रुग्णासमोर किती तास बसवणार, हे प्रवेशाआधीच विचारा. पगार सुरुवातीला तुटपुंजा असतो. मी चार वर्षं गाण्याच्या शिकवण्या घेऊन घर चालवलं.

आणि पहिल्या भेटीत सूर लावण्याआधी कान तपासा. एका आजींकडे तीन बैठका गेले, त्या भिंतीकडे बघत बसायच्या. मी नोंदीत ‘प्रतिसाद नाही’ असं लिहिलंही. चौथ्या दिवशी सुनेच्या लक्षात आलं की कानातल्या यंत्राचा सेल संपलाय. नवा सेल घातला, मी तंबोरा छेडला. आजींनी डोळे मिटले, थोडं ऐकलं आणि हातानं खूण केली : पट्टी वर घे.