मुलांसाठी पोहण्याचा क्लास निवडताय? या चुका टाळा

क्लासची चौकशी करताना बहुतेक पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती दिवसांत शिकेल?" मग फी आणि बॅचची वेळ. शिकवणार कोण, एका वेळी किती मुलं पाण्यात असतात, लक्ष ठेवायला काठावर वेगळा माणूस आहे का, हे विचारायचं राहूनच जातं. चित्रकलेचा क्लास चुकला तर थोडे पैसे वाया जातात. पाण्याच्या बाबतीत तेवढ्यावर भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून दगावली. त्यांतली जवळपास चौथा हिस्सा ५ वर्षांखालची मुलं होती. म्हणून मी प्रत्येक पालकाला एकच गोष्ट सांगते: माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि चालू बॅच बघून ठरवा.

दिवस मोजत बसणं

"२१ दिवसांत पोहायला शिका" अशा पाट्यांना भुलू नका. एखादं मूल दोन आठवड्यांत हातपाय मारत पूल ओलांडतं, तर दुसऱ्याला तोंड पाण्यात घालायलाच तेवढे दिवस लागतात. दोघांचंही काही बिघडलेलं नसतं. दिवस विचारण्यापेक्षा शेवटी काय काय यायला लागेल ते विचारा. पाण्यात स्वतःचा जीव वाचवता यावा म्हणून अमेरिकन रेड क्रॉसने पाच गोष्टी सांगितल्या आहेत, आणि त्या कुणालाही काठावरून तपासता येतात. डोक्यावरून पाणी जाईल इतक्या खोलीत उतरून पुन्हा वर येणं, एक मिनिट तरंगणं किंवा उभ्याउभ्या पाणी मारत राहणं, पाण्यातच गोल फिरून बाहेर पडायची जागा हेरणं, तिथपर्यंत २५ यार्ड म्हणजे साधारण २३ मीटर पोहत जाणं, आणि शिडी न धरता वर येणं.

ही यादी क्लासच्या ऑफिसात दाखवा आणि यातलं काय शिकवता ते विचारा. उत्तर फक्त "आम्ही चारही स्ट्रोक करून घेतो" एवढंच आलं, तर तुमचं मूल सुरेख फ्रीस्टाइल (पालथं राहून आळीपाळीने हात मारत पोहणं) मारेलही. पण दमल्यावर पाठीवर पडून श्वास घ्यायचा, हे त्याला कुणी शिकवलेलं नसेल.

चालू बॅच न बघता फी भरणं

सगळ्यांत महाग पडते ती ही चूक. डेमोचा क्लास नको, रोजची बॅच बघा, आणि तीही सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तुमच्या मुलाच्या वयाचं, नुकतंच शिकायला लागलेलं एखादं मूल हेरा आणि फक्त त्याच्यावर नजर ठेवा.

पुष्कळदा दिसतं ते असं. दहा-बारा मुलं कठड्याला धरून रांगेत उभी असतात. कोच एकेकाला पुढे घेतो, पोटाखाली हात धरून थोडे हातपाय मारून घेतो, परत आणून सोडतो आणि "नेक्स्ट!" म्हणतो. तुम्ही हेरलेलं मूल तोवर एका हाताने कठडा धरून दुसऱ्या हाताने पाणी उडवत असतं. मग ते खांदे आवळून घेतं. मग ओठ जांभळे पडतात, दात वाजायला लागतात. त्याची पाळी दुसऱ्यांदा येते तेव्हा त्याला शिकायचं नसतं, टॉवेल हवा असतो. अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये त्याच्या वाट्याला शिकण्याची जेमतेम तीन मिनिटं आली.

हवेच्या तुलनेत पाणी अंगातली उष्णता साधारण २५ पट वेगाने ओढून घेतं, आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतं. स्पर्धेच्या पुलातलं पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअस ठेवतात. सलग पोहणाऱ्याला ते बरं वाटतं. पण कठड्याला धरून उभ्या असलेल्या पाच वर्षांच्या मुलाला ते सोसत नाही. छोट्या नवशिक्यांसाठी पाणी ३० अंशांच्या आसपास असावं. तापमान किती ठेवता, हे बिनधास्त विचारा.

चांगल्या बॅचमध्ये कोचचा हात ज्याला नाही, त्यालाही काम असतं. कुणी बुडबुडे काढतंय, कुणी कठडा धरून पाय मारतंय, कुणी पायरीवर बसून तळाची रिंग उचलतंय. माझ्या मते नवशिक्या मुलांच्या बॅचमध्ये एका कोचमागे चार ते सहाच मुलं असावीत, आणि तीन-चार वर्षांची असतील तर त्याहूनही कमी.

कोच उभा कसा राहतो तेही बघा. एकाला शिकवताना बाकीची मुलं त्याच्या पाठीमागे राहत असतील, तर तेवढा वेळ त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. काठावर जीवरक्षक वेगळाच हवा. जो शिकवतोय त्याचे डोळे एका मुलावर खिळलेले असतात, त्याच्याकडून राखणीचंही काम होत नाही. बुडणारं मूल ओरडेल, हात हलवेल, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तोंड पाण्याच्या वर-खाली होत असताना त्याला श्वास घ्यायलाच सवड नसते, तर हाक कुठून मारणार? वर राहण्यासाठी दोन्ही हात नुसते पाणी दाबत राहतात, आणि बऱ्याचदा मिनिटाच्या आत सगळं शांत होतं. म्हणून "आम्ही सगळे असतोच की इथे" हे उत्तर पुरेसं नाही. या बॅचला काठावर नेमकं कोण असणार आणि त्याला सीपीआर (छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याचा प्रथमोपचार) येतो का, हे कळायला हवं. ड्यूटीवरचा जीवरक्षक मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला दिसला, तर मी तरी दुसरा क्लास शोधेन.

तळातल्या निचऱ्याच्या जाळीवरही एक नजर टाका. जाळी तुटकी किंवा सैल असेल तर पंपाच्या ओढीने केस किंवा हात अडकू शकतो. अमेरिकेने २००७ साली यासाठी स्वतंत्र कायदाच केला. लांब केसांवर टोपी घालायला सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे.

पालक समोर बसले की मुलांचं लक्ष उडतं, हे खरं आहे. पण मग लांबून किंवा काचेआडून बघू द्यावं. पालकांना अजिबातच बघू देत नसतील, किंवा लहान मुलांना कपडे बदलायला कोण मदत करतं याचं सरळ उत्तर मिळत नसेल, तर तिथे मूल ठेवू नका.

भीती मोडायची म्हणून ढकलणं

"आम्हाला असंच ढकललं होतं, शिकलोच की!" जे शिकले ते हे सांगतात. त्या दिवसानंतर ज्यांनी पाण्याचं नाव टाकलं, ते या गप्पांत नसतात. भेदरलेलं मूल श्वास कोंडतं आणि मान वर ताणतं. मान वर गेली की कंबर आणि पाय खाली जातात आणि अंग पाण्यात उभं होतं. म्हणजे पोहायला जी आडवी स्थिती लागते, तीच भीतीने मोडते.

जाणता कोच कसा शिकवतो ते बघण्यासारखं असतं. पाठीवर तरंगायला शिकवताना बऱ्याच मुलांना पाठीची नाही, कानांची भीती वाटते. कान बुडाले की बाहेरचे आवाज एकदम बदलतात आणि मूल दचकून उठून बसतं. कोच त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतो, बोलत बोलत मागे चालत जातो आणि स्वतः गुडघ्यांत थोडा थोडा वाकत जातो, इतका हळू की कान कधी भिजले ते मुलाला कळतही नाही. हे ज्याला जमतं त्याच्या हाती मूल द्या.

पहिले काही दिवस मूल रडलं म्हणून क्लास वाईट ठरत नाही. रडणं बॅच संपेपर्यंत ओसरतंय का, आणि रडणाऱ्या मुलाशी कोच कसा बोलतो, हे बघा.

दंडावरच्या फुग्यांवर भरवसा

हे फुगे मुलाला पाण्यात उभं धरून ठेवतात, त्यामुळे चुकीची स्थिती अंगवळणी पडते. त्याहून वाईट म्हणजे आपण पाण्यात बुडतच नाही, असं मुलाला वाटू लागतं, आणि एखाद्या दिवशी ते फुग्यांशिवायच उडी घेतं. हवा गेली किंवा फुगा हातातून निसटला तर तोही आधार संपला. सरावापुरता हातात धरायचा किक-बोर्ड ठीक. बोटीत बसताना मात्र मापाचं, पट्टे आवळलेलं लाइफ जॅकेटच हवं.

वयाचा घोळ

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचं म्हणणं असं, की एक वर्षाखालच्या बाळांना पोहण्याचे धडे देऊन बुडण्याचा धोका कमी होतो याला पुरावा नाही. एक वर्षानंतर धड्यांचा उपयोग होऊ शकतो, आणि चार वर्षांपर्यंत बहुतेक मुलं शिकायला तयार होतात. बाळाला घेऊन पाण्यात खेळायला जरूर जा, पण "बाळ स्वतःला वाचवायला शिकेल" या आश्वासनावर पैसे घालू नका. उलट, दहा-बारा वर्षांच्या मुलाला पाच वर्षांच्या चिल्ल्यापिल्ल्यांत बसवलं तर ते लाजेनेच क्लास सोडतं. त्याच्यासाठी वेगळी बॅच मागून घ्या.

स्पर्धेची घाई

जरा पोहता आलं की मुलाला स्पर्धेच्या गटात टाकायची ओढ लागते. आधी मुलाला विचारा. मग त्या गटाचा सराव बघा. नुसत्या फेऱ्या मारून घेतात की हात-पाय कसे चालतात तेही सुधारतात? अंतर वाढत गेलं आणि ढब चुकीचीच राहिली, तर खांदे दुखायला लागतात. "दुखतंय म्हणजे मेहनत होतेय" म्हणणाऱ्या कोचकडे मूल पाठवू नका.

आणि एका गोष्टीला सरळ मनाई करा: भराभर खोल श्वास घेऊन पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, अशा पैजा. त्या श्वासांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वास घेण्याची निकड वाटायची ती वाटत नाही, आणि मूल पाण्याखालीच बेशुद्ध पडतं. चांगलं पोहणाऱ्या मुलांच्या बाबतीतही हे घडतं.

पाण्याचा वास

नाकाला झोंबणारा वास म्हणजे स्वच्छता नाही. क्लोरीनचा घामाशी आणि लघवीशी संयोग होऊन जी द्रव्यं बनतात, त्यांचा तो वास असतो. तळ लख्ख दिसायला हवा. पाण्याच्या तपासणीची नोंदवही मागा: मुक्त क्लोरीन (जंतू मारायला शिल्लक असलेलं) किमान १ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणारा आकडा) ७ ते ७.८ असावा. मुलाला जुलाब होत असतील तर पुलावर पाठवू नका, काही जंतू क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस टिकतात.

कोचपासून आजार लपवणं

प्रवेश नाकारतील या भीतीने काही पालक फिट्स येत असल्याचं सांगत नाहीत. हे कधीही करू नका. अशा मुलाजवळ सतत एक माणूस लागतो आणि आधी डॉक्टरांचा सल्ला लागतो. दमा असेल तर पंप काठावर, कोचच्या हाताशी ठेवा. कानाचा बाहेरचा भाग ओढल्यावर मूल कळवळलं तर कानाच्या नळीत संसर्ग झाला असण्याची शक्यता असते; डॉक्टरांना दाखवेपर्यंत पोहणं बंद. एरवी पाण्यातून आल्यावर डोकं दोन्ही बाजूंना कलतं करून पाणी निथळू द्या आणि कान टॉवेलने टिपा.

क्लास सुरू झाला आणि अडलं

मूल अचानक "जायचं नाही" म्हणू लागलं तर "का?" विचारून फारसं हाती लागत नाही. नेमकं विचारा: गॉगलमध्ये पाणी शिरतं का, थंडी वाजते का, बाथरूममध्ये कुणी त्रास देतं का, सर ओरडतात का? कितीदा तरी सैल गॉगल बदलल्यावर प्रश्न मिटतो. कुणी अंगाला हात लावल्याचं मुलाने सांगितलं, तर ते पूर्ण ऐकून घ्या, त्याच दिवशी तक्रार करा आणि तोवर क्लासला पाठवू नका.

आठवडे गेले तरी प्रगती नाही, अशी बहुतेक मुलं फ्रीस्टाइलमध्ये श्वासापाशी अडलेली असतात. ती डोकं कुशीवर वळवायच्या ऐवजी उचलतात, पाय बुडतात आणि दोन हातांत दमतात. पुढच्या चार क्लासांत याच्यावर काय करून घेणार, असं कोचला विचारा. ठोस उत्तर मिळालं तर थांबा. "होईल हळूहळू" एवढंच मिळत राहिलं, तर कोच बदलून मागायला संकोच नको.

मोठ्या सुट्टीनंतर मूल मागे गेल्यासारखं वाटतं. ते आधीच्या पातळीवर आहे असं धरून पहिल्याच दिवशी खोल बाजूला पाठवू नका. पहिले दोन-तीन क्लास उथळ बाजूला घालवू द्या आणि तरंगणं पुन्हा पक्कं झालं की मगच पुढे न्या.