समोरून वन नोट्रम्प आला की होणारा घोळ: या चुका टाळा

ब्रिजची बोली चालू आहे. भिडूने एक बदाम (बदाम हुकूम धरून सात हात करू) म्हटलं, उजवीकडच्या विरोधकाने वन नोट्रम्पचा ओव्हरकॉल (हुकमाशिवाय सात हात करू, अशी त्यावरची बोली) टाकला आणि आता पाळी तुमची. पावसाळा लागला की आमच्याकडे, पणजी-मडगावच्या बाजूला, ब्रिजच्या टेबलावर नवीन माणसं दिसू लागतात. बरीचशी चवथीच्या रात्री रमी आणि मेंढीकोट खेळत मोठी झालेली. पत्ते लक्षात ठेवण्यात तरबेज, उतारीही चांगली. पण या एका जागी तीच चूक मी वर्षानुवर्षं बघत आलोय, आणि आता ती बघवत नाही.

चूक अशी: हातात नऊ-दहा पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) असताना डबल न करता, म्हणजे ‘हे तुम्हाला जमणार नाही’ म्हणून त्यांच्या बोलीची पैज न वाढवता, आपला रंग बोलणं.

जरा हिशेब करा. पत्त्यांत एकूण ४० पॉइंट. भिडूने ओपन केलं (पहिली बोली लावली) म्हणजे त्याच्याकडे साधारण १२ तरी आहेत. ओव्हरकॉल करणाऱ्याकडे १५ ते १८ आणि बदामचा स्टॉपर (बदामचे हात सलग जाऊ न देणारा मोठा पत्ता). १२ आणि १५ वजा केले की उरतात १३. त्यातले ९ तुमच्याकडे असतील, तर डमीवर (त्याच्या भिडूच्या, टेबलावर उघड्या मांडल्या जाणाऱ्या पत्त्यांत) येणार जास्तीत जास्त चार. म्हणजे पॉइंट तुमच्या बाजूला जास्त आहेत आणि समोरची जोडी सात हात करायचं कबूल करून बसलीय. अशा वेळी डबल करायचं. हे पेनल्टी डबल, म्हणजे दंड वसूल करायचं डबल आहे, ‘या आणि मोजा’ असं सांगणारं.

मडगावला टीमच्या एका सामन्यात (तेच पत्ते दोन टेबलांवर, आणि टीमची दुसरी जोडी तिथे विरोधकांच्या जागी) मी मागे खुर्ची टाकून बघत होतो. खेळणारा तरुण, हुशार, ऑनलाइन खूप खेळलेला. त्याचा हात असा: इस्पिक राणी-९-३, बदाम ७-२, चौकट राणी-गुलाम-९-६-५, किलवर एक्का-९-६. बरोबर नऊ पॉइंट. विरोधी जोडी व्हल्नरेबल, म्हणजे बुडाली तर दंड जास्त. भिडूचं एक बदाम, मग वन नोट्रम्प, आणि याने क्षणात बिडिंग बॉक्समधून (बोलीच्या कार्डांच्या डबीतून) दोन चौकट काढलं. भिडूने पास केलं, आणि त्याने योग्यच केलं, कारण या जागी दोनच्या पायरीवरचा नवा रंग म्हणजे ‘माझ्याकडे रंग लांब आहे, पॉइंट कमी आहेत, आता गप्प बस’. आठ हात झाले, ९० मिळाले, आणि पोरगा खूश.

दुसऱ्या टेबलावर त्याच पत्त्यांवर डबल पडलं. उतारी भिडूच्या रंगाची, बदाम सत्ती. डिक्लेअररकडे (बोली लावून डाव खेळणाऱ्याकडे) १७ पॉइंट होते, डमीवर किलवरचा एकटा गुलाम. दोन डाऊन (सातऐवजी पाचच हात), दंड ५००. इथे ९० मिळवले आणि तिथे यांच्याच टीमच्या जोडीने ५०० गमावले. फरक ४१०, म्हणजे नऊ आयएमपी (दोन टेबलांच्या फरकावरून टीमला मिळणारे गुण). सामना त्याहून कमी फरकाने गेला. नंतर तो म्हणाला, “पण मला पाच चौकट होत्या ना!” पाच पत्ते दिसले की बोलायचं, ही घाई रमीतून येते की स्क्रीनवर पटापट बटणं दाबण्यातून, मला ठाऊक नाही. पण पॉइंट मोजायला पाच सेकंद लागतात, आणि ते पाच सेकंद प्रत्येकाने घेतले पाहिजेत.

१७ पॉइंट असूनही तो का बुडाला, हे समजून घ्या. सगळी ताकद एकाच हातात, डमीवर जायला वाट नाही. प्रत्येक रंग त्याला स्वतःच्या हातातूनच खेळावा लागतो, फिनेस (समोरचा मोठा पत्ता चुकवून त्याहून लहान पत्त्याने हात काढणं) घेता येत नाही, आणि तोवर भिडूचे बदाम मोकळे होतात. तेच १७ पॉइंट नऊ आणि आठ असे दोन्ही हातांत वाटलेले असते, तर चित्र वेगळं दिसलं असतं.

याच चुकीचा जुळा भाऊ म्हणजे डबलचा अर्थ चुकीचा घेणं. निगेटिव्ह डबल (दंडासाठी नव्हे, न बोललेले रंग दाखवायला केलेलं डबल) नुकतं शिकलेल्यांना वाटतं, इथेही डबल म्हणजे ‘माझ्याकडे चार इस्पिक’. अजिबात नाही. निगेटिव्ह डबल रंगाच्या ओव्हरकॉलवर चालतं. नोट्रम्पवर डबल म्हणजे पेनल्टी. आणि ओपन करणाऱ्यांनो, तुमच्याकडे १२च पॉइंट आहेत म्हणून घाबरून दोन बदाम करू नका. तुमचे १२ धरूनच भिडूने हिशेब केलाय. सहा-पाच असा विचित्र वाटप असेल आणि बचावाला काही नसेल, तरच डबलमधून बाहेर पडा. एरवी पास, आणि शांतपणे.

पॉइंट नसतील तेव्हा मात्र रंग बोला की! सहा-सात पॉइंट आणि भिडूचे तीन-चार बदाम असतील, तर दोन बदाम अगदी रास्त. आठ हुकूम जमत असतील तर दोनच्या पायरीवर मी सहसा मागे हटत नाही.

आता टेबलाची दुसरी बाजू. ओव्हरकॉल करणाऱ्याचा भिडू कसा बोलणार, हे आधी ठरवलेलं नसतं, आणि तिथे माझा जीव जातो. समोरून एक इस्पिक, मग आपल्या भिडूचा वन नोट्रम्प, आणि आपण दोन चौकट बोलतो. हा ट्रान्स्फर (भिडूला वरचा रंग बोलायला लावणारी खूण) की खऱ्या चौकट? डाव चालू असताना भिडूच्या तोंडाकडे बघून उत्तर मिळत नाही, आणि तसं बघूही नये. माझी सवय अशी: मध्ये डबल नसेल तर वन नोट्रम्पने ओपन केल्यावर जे चालतं तेच सगळं इथे, स्टेमन (भिडूकडे चार इस्पिक किंवा बदाम आहेत का, हे विचारणारं दोन किलवर) आणि ट्रान्स्फर दोन्ही. डबल पडलं की सगळं बंद, जो रंग बोललात तोच खरा. समोरच्यांच्याच रंगाकडे जाणाऱ्या ट्रान्स्फरचं काय करायचं, तेही सिस्टिम कार्डवर (जोडीची बोलीपद्धत लिहिलेल्या कार्डावर) लिहून ठेवा. ‘बघू तेव्हा’ म्हणणाऱ्या जोड्यांशी मी यावर भांडलो आहे आणि पुढेही भांडेन.

इथे गेमचा (मोठा बोनस देणाऱ्या बोलीचा) हिशेबही थोडा सैल ठेवा. एरवी तीन नोट्रम्पला २५ लागतात. पण ओपन करणाऱ्याने राजा-राणी कुठे आहेत हे जवळजवळ सांगूनच टाकलेलं असतं, त्यामुळे आठ चांगले पॉइंट असतील तर मी आमंत्रण देतोच, आणि हातात पाच पत्त्यांचा भक्कम रंग असेल तर थेट गेम.

बाकीच्या चुका झटपट. स्टॉपर नसताना ‘१६ आहेत ना’ म्हणून वन नोट्रम्प टाकू नका. एक बदाम, पास, पास यानंतर चौथ्या जागेवरून आलेला वन नोट्रम्प कमकुवत असतो, साधारण ११ ते १४. त्याला १५-१८ समजून उड्या मारू नका. डबल केल्यावर उतारी भिडूच्या रंगाची, स्वतःच्या गुलामावरून हुशारी नको. दीड मिनिट विचार करून पास करू नका. त्या थांबण्यातून भिडूला जे कळतं ते वापरायला नियमांची मनाई आहे, आणि डायरेक्टर (सामन्याचा पंच) आला की चांगला निकालही हातचा जातो.

आणि शेवटचं, ज्यावर बहुतेक जोड्या कधीच बोलत नाहीत: तुमच्या डबलनंतर समोरचा दोन किलवरवर पळाला तर? माझ्या भिडूशी ठरलेलं आहे की त्यापुढचं प्रत्येक डबल पेनल्टीचं, चार चांगले हुकूम असतील तरच, आणि त्यांना दोनच्या पायरीवर डबलशिवाय खेळू द्यायचं नाही. म्हणजे आपला पास भिडूला बोलायला लावतो: त्याने डबल करायचं, नाहीतर स्वतःचा रंग सांगायचा.