शिक्षेतून आधीची कोठडी वजा करून घेताना या चुका टाळा

सांगलीच्या कारागृहात कच्चा कैदी म्हणून 14 महिने काढलेल्या पोराला शिक्षा लागते, तेव्हा कोर्टाच्या जिन्यात त्याची आई आम्हा वकिलांना पहिला प्रश्न विचारते, "साहेब, आधीचे दिवस धरतील ना?" धरतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 428 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 468 आहे. त्याच खटल्यात दोषी ठरण्याआधी भोगलेली कोठडी कैदेच्या शिक्षेतून वजा होते. तो हक्कच आहे. पण सुटकेची तारीख तुरुंगात कागद बघून काढतात, आणि घोळ कागदातच असतो.

निकालात नुसतं 'सेट-ऑफ (म्हणजे ही वजावट) देण्यात येतो' एवढंच असेल तर तिथेच थांबा. अटकेची तारीख आणि जामिनावर सुटला असेल तर त्या सुटकेची तारीख निकालात आणि जेल वॉरंटवर, म्हणजे शिक्षेसाठी कोर्ट तुरुंगाला पाठवतं त्या आदेशावर, आली का, ते त्याच दिवशी बघा. पोलिस कोठडीचे दिवस हमखास गळतात, कारण मोजणी तुरुंगात दाखल झाल्यापासून होते. मोजणी अटकेपासून हवी. दुसरी गळती जामिनाच्या वेळची. जामीन मंजूर झाला 2 जानेवारीला, जामीनदाराचा सातबारा आणि बाकीची कागदं जमेपर्यंत 27 जानेवारी उजाडला. हे 25 दिवस पोरगा आतच होता, म्हणून तेही वजा व्हायला हवेत. अटक पंचनामा, रिमांडचे, म्हणजे कोठडीत ठेवण्याचे, कोर्टाचे आदेश आणि कारागृहाचा दाखला शेजारी ठेवून तारखा ताडून बघा. बाहेर जामिनावर काढलेले महिने मात्र धरत नाहीत.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते दोन गुन्हे असलेल्यांचं. समजा, मिरजेच्या गुन्ह्यात माणूस आत आहे आणि त्याच्यावर ईश्वरपुरातही (पूर्वीचं इस्लामपूर) गुन्हा आहे. घरच्यांना वाटतं, आत आहे म्हणजे दोन्हीकडचे दिवस मोजले जातायत. तसं नसतं. ईश्वरपूरच्या गुन्ह्यात त्याला वॉरंटवर ताब्यात घेऊन अटक दाखवली आणि रिमांड झाला, तरच त्या खटल्यातली कोठडी सुरू होते. तशी ती दोन्हीकडे एकाच वेळी चालू असेल, तर तेच दिवस दोन्ही शिक्षांतून वजा होतात. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात बहुमताने तसं सांगितलं आहे. म्हणून दुसऱ्या गुन्ह्यात अटक दाखवायला महिने लागत असतील, तर वकिलाने गप्प बसू नये, त्या कोर्टात अर्ज द्यावा. इथे गेलेला वेळ नंतर कुठलाच अर्ज परत आणत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

दंडाचा हिशेब वेगळा ठेवा. शिक्षा 3 वर्षं, दंड 5 हजार, न भरल्यास आणखी 3 महिने, आणि आधीची कोठडी 14 महिने. उरले 22 महिने. दंड भरला नाही तर 25, कारण दंडापोटीच्या कैदेतून वजावट मिळत नाही. पाच हजारांसाठी तीन महिने आत बसणारी माणसं आहेत. घरच्यांनी हे पैसे आधी उभे करावेत. एमपीडीएसारख्या, म्हणजे खटल्याशिवाय खबरदारी म्हणून आत ठेवणाऱ्या, कायद्याखालच्या स्थानबद्धतेचे दिवसही यात धरले जात नाहीत.

जन्मठेपेला वजावट नाही, असं अजूनही कानावर येतं. ते चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1985 च्या भगीरथ खटल्यापासून ती मिळते, आणि ज्या जन्मठेपेत किमान 14 वर्षं आत काढावी लागतात, त्या चौदातही ती धरली जाते.

चूक सापडली तर पुढे काय? ज्या कोर्टाने शिक्षा दिली तिथेच अर्ज करा. निकाल बदलता येत नाही, पण लेखनातली किंवा आकड्यातली चूक नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम 403 प्रमाणे दुरुस्त होते. अर्जाला निकालाची प्रमाणित प्रत आणि कारागृहाचा दाखला जोडा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कैद्याला तिथून मोफत वकील मिळतो. पोरगा कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात हलवला असला तरी अर्ज सांगलीच्याच कोर्टात जातो. तिथे दाद लागली नाही, तर ऑगस्ट 2025 पासून सांगली-साताऱ्याच्या लोकांना मुंबई गाठावी लागत नाही, उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात बसतं.