बनियनला चेंडू शिवला आणि घोरणं कमी झालं

लालबागची दहा बाय बाराची खोली. मी घोरलो की भिंतीपलीकडच्या काकू सकाळी विचारायच्या, “रात्रभर पंप चालू होता का रे?” शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, उताणं झोपलं की जीभ मागे सरकते, वाट अरुंद होते आणि हवेने टाळूचा मऊ भाग, पडजीभ थरथरतात, तोच आवाज. दारूने स्नायू आणखी ढिले (शनिवारची बैठक आठवली!). श्वास मध्येच अडकतो का, हे त्यांनी बायकोलाच विचारलं. तसं असतं तर झोपेची तपासणी करावी लागली असती. मग आईने बनियनच्या पाठीला खिसा शिवून टेनिसचा चेंडू घातला. उताणा झालो की टोचतो, आपसूक कुशीवर वळतो. बैठकही बंद. परवा काकू म्हणाल्या, “गावाला गेला होतास का?”