घरातल्या ज्येष्ठांचं ड्रायव्हिंग : या चुका टाळा

वय झालं म्हणून गाडीची किल्ली काढून घेणं, ही घरच्यांची सर्वांत मोठी चूक. सत्तरीतला एखादा माणूस उत्तम गाडी चालवतो, तर साठीतल्या एखाद्याचे डोळे समोरच्या हेडलाइटने असे दिपतात की काही क्षण रस्ताच दिसत नाही. जन्मसाल पाहून हे कळत नाही, शेजारच्या सीटवर बसून कळतं.

म्हणून आधी बरोबर जा. एकदा दिवसा, एकदा अंधार पडल्यावर. सूचना देऊ नका, नुसतं पाहा. लेन बदलताना मान वळते का, की आरशावरच काम भागवलं जातं? सिग्नल सुटल्यावर मागचा हॉर्न वाजेपर्यंत गाडी उभीच राहते का? वळताना समोरच्या गाडीच्या अंतराचा अंदाज चुकतो का? ताशी 60 किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. ब्रेकवर पाय जायला एक सेकंद उशीर झाला, तर गाडी तेवढी पुढे जाऊन थांबते. बंपरवर नवे ओरखडे आहेत का, तेही बघा.

"चष्म्याचा नंबर तपासलाय" एवढ्यावर समाधान मानू नका. तक्ता वाचता आला म्हणजे समोरचं, भरपूर उजेडातलं दिसतं, एवढंच. काचबिंदूत कडेची नजर हळूहळू जाते आणि ज्याची जाते त्याला बहुधा पत्ताच लागत नाही. "तो एकदम कुठून आला कळलंच नाही" हे वारंवार ऐकू आलं, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून फील्ड टेस्ट, म्हणजे कडेचं किती दिसतं याची तपासणी, करून घ्या. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशननंतर पुष्कळांना रात्रीचंही पुन्हा नीट दिसू लागतं. म्हणजे गाडी सोडायचीच असं नाही! सर्दीच्या, झोपेच्या गोळ्यांनी गुंगी येते का, तेही डॉक्टरांना विचारा.

सगळ्यांसमोर विषय काढू नका. ज्याचं ते ऐकतात त्यानेच, एकांतात बोलावं. "तुम्हाला आता जमत नाही" म्हटलं की बोलणं तिथेच संपतं. "बाबा, काल चौकात कडेने आलेली स्कूटर तुम्हाला दिसली होती का?" असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. रात्री किंवा पावसात गाडी काढायची नाही, हे त्यांचं त्यांनाच ठरवू द्या.

मात्र ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला किंवा रोजच्या रस्त्यावर वाट चुकली, तर हळूहळू समजावत बसू नका. त्याच दिवसापासून गाडी थांबवा, डॉक्टरांची वेळ घ्या आणि दवाखाना, बाजार, मित्रांकडे त्यांना कोण नेणार हे त्याच बैठकीत ठरवा.