मोठ्या शहरातून गिटार आणताना

लातूर, परभणी किंवा धाराशिवच्या मुलाने गिटार शिकायचे ठरवले, की घरातील कोणीतरी ‘इथे काय मिळणार, पुण्याहूनच आण’ असे हमखास सांगते. सल्ला चुकीचा नाही. मात्र मोठ्या शहरातील वाद्यांच्या दुकानाचे जे चित्र आपल्या मनात असते, ते आता बरेच जुने झाले आहे. मुंबईत फुर्टाडोससारखे १८६५ पासूनचे नाव आजही टिकून आहे, पण अनेक दुकानांत मोजकेच नग टांगलेले दिसतात, बाकीचा माल खोक्यांत बंद असतो आणि गिऱ्हाईक मोबाइलवर ऑनलाइन भाव दाखवत उभे असते. त्या भावाशी दुकानदार झुंजू शकत नाही. त्याच्याकडे विकण्यासारखी खरी वस्तू एकच उरते, ती म्हणजे वाद्य लावून देणारा हात. म्हणून गिटार निवडण्याआधी दुकान निवडावे.

निघण्यापूर्वी दुकानात फोन करावा आणि गिटार सुरात लावून वाजवू देतात का, तारांची उंची कमी-जास्त करून देणारा माणूस दुकानातच बसतो का आणि त्याचे वेगळे पैसे किती, एवढे विचारावे. ‘आमच्याकडे सगळे कंपनीतूनच व्यवस्थित येते’ असे उत्तर आले, तर तिथे तो माणूस नाही असे समजावे. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जावे, कारण रविवारी संध्याकाळी खोके उघडून दाखवायला कोणाला सवड नसते. सोबत मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी, एक व्हिजिटिंग कार्ड आणि फोनमध्ये ट्यूनर, म्हणजे स्वर मोजणारे अ‍ॅप, असला की पुरते. वाजवणारा मित्र सोबत आला तर उत्तमच, पण तो नसला तरी पुढची तपासणी नवशिक्यालाही जमते.

गिटार हातात आली की आधी ट्यूनरवर प्रमाण स्वर ४४० हर्ट्झ ठेवून सहाही तारा जुळवून घ्याव्यात. मग जाड तारेवर बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे गिटारीच्या दांड्यावर (नेकवर) आडव्या बसवलेल्या बाराव्या धातूच्या पट्टीच्या, बरोबर वर बोट नुसते टेकवून छेडावे आणि त्यानंतर तीच तार त्याच फ्रेटवर दाबून छेडावी. बारावा फ्रेट म्हणजे तारेचा मध्य, त्यामुळे दोन्ही वेळा ट्यूनरने एकच स्वर दाखवायला हवा. दाबल्यावर स्वर स्पष्टपणे चढत असेल, तर तार फार उंच आहे किंवा ब्रिजवरील, म्हणजे तारा खालच्या बाजूला जिथे अडकवतात त्या तुकड्यावरील, पट्टी जागेवर नाही. उंची स्टीलच्या पट्टीने मोजावी: बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली सुमारे अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दोनच्या आत अंतर असले, तर बोटे पहिल्या महिन्यात शिकणे सोडायला लावत नाहीत. नेक पाहण्यासाठी तीच जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरावी. सातव्या फ्रेटपाशी व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट जास्त दिसली आणि दुकानदाराने अ‍ॅलन की काढून नेकमधील सळईला तुमच्यासमोर पाव फेरा दिला, तर ते दुकान योग्य आहे.

यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवावी. वीस फ्रेट आणि सहा तारा म्हणजे एकशेवीस जागा. पाच मिनिटांचे काम आहे आणि दुकानातील पोराने कंटाळून पाहिले तरी ते सोडू नये. कुठे तार खरखरली, तर त्याच्या पुढचा फ्रेट वर आलेला असण्याची शक्यता असते. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा कोपरा शिरला, तर ती गिटार परत टांगावी.

पुढची फळी सॉलिड (एकसंध लाकडाची) की प्लाय (थर चिकटवलेली), हे ध्वनिछिद्राच्या कडेवरून ओळखता येते: लाकडाच्या रेषा कडेवरून तशाच आत उतरल्या तर सॉलिड, कडेला थर दिसले तर प्लाय. सॉलिडचा आवाज भरदार असतो हे खरे, पण आपल्याकडच्या चाळिशी ओलांडणाऱ्या कोरड्या उन्हाळ्यात पहिल्या गिटारीसाठी मी प्लायच सुचवीन, कारण ती सहजी तडकत नाही. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार घेतली, तर पुढे तिच्यावर स्टीलच्या तारा चढवू नयेत. स्टीलच्या संचाचा एकूण ताण सुमारे सत्तर किलो असतो आणि तो सोसायला ती बांधलेली नसते.

हे सारे मी उशिरा शिकलो. एका मोठ्या शहरातील चकचकीत दुकानातून मी सीलबंद खोके तसेच उचलले, खासगी बसच्या डिकीत टाकून लातूरला आणले आणि मे महिन्यात नेकवरून हात फिरवताना तळव्याला बारीक टोके टोचू लागली. नेकवरील फळीचे लाकूड वाळून आकसते, फ्रेटची धातू आकसत नाही, म्हणून फ्रेटची टोके बाहेर येतात. दुकानात फोन केला, तर वस्तू बदलून मिळण्याची मुदत संपल्याचे उत्तर मिळाले. शेवटी गंजगोलाईच्या परिसरात पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. ‘गिटार आपला विषय नाही बघा, पण टोकं घासून देतो,’ असे म्हणून त्यांनी फळीच्या कडेला चिकटपट्टी लावली, बारीक कानस तिरपी धरून एकेक टोक मोजक्या घासांत गोल केले आणि मग कापसाचा बोळा नेकच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवला. दोन ठिकाणी कापसाचा धागा अडकला, तिथे पुन्हा कानस चालवली. ही कापसाची चाचणी दुकानातही करून पाहावी. जुन्या पेठांमधील पेटी-तबल्याच्या दुकानांत असे हात अजून आहेत. गिटार कुठूनही घेतली तरी गावातील असा एक माणूस आधी शोधून ठेवावा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि लातूरहून मिरजेला रेल्वेही आहे, पण तेवढ्यावरून तिथे गिटार दुरुस्त होईल असे धरून मात्र निघू नये.

पक्के बिल आणि वॉरंटीचे कार्ड घ्यावे, त्यावर गिटारीच्या आत छापलेला क्रमांक लिहून घ्यावा. प्रवासात खुंट्या एकेक फेरा सैल कराव्यात आणि गिटार डिकीत न ठेवता आपल्याजवळ, रेल्वेत वरच्या बर्थवर आडवी ठेवावी; बंद डिकीतील उष्णतेने ब्रिजचा डिंक मऊ पडतो. घरी ती भिंतीला न टांगता पिशवीत ठेवावी. गिटारीला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि एप्रिल-मेमध्ये आपली हवा त्याच्या बरीच खाली असते. त्यासाठी साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला भोके पाडून तिच्यात घट्ट पिळलेला स्पंज घालावा, ती डबी पिशवीत नेकच्या वरच्या टोकापाशी ठेवावी आणि स्पंज दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा ओला करावा. मृगाचा पाऊस सुरू झाला की डबी काढून टाकावी.